चतुराचा नर की मादी? फिल्डवर ओळखताना नेहमी पडणारे प्रश्न

चतुर दिसला, फोटो मिळाला, जात पण ओळखली, आणि मग गाडी अडते ती नर का मादी यावर. बरेच जण रंग बघतात आणि मोकळे होतात. लाल दिसला की नर, पिवळट दिसली की मादी. यातल्या कितीतरी नोंदी चुकीच्या असतात, कारण चतुरांचा रंग वयानुसार बदलतो आणि काही जातींत तर मादी सरळ नराचाच रंग घेऊन फिरते. म्हणून इथे रंग मुद्दाम मागे ठेवलाय आणि शरीराची रचना पुढे. खालची उत्तरं चतुर आणि टाचणी (चतुराचीच बारीक, नाजूक अंगाची बहीण) दोघांसाठी आहेत, जिथे फरक आहे तिथे तसं लिहिलंय.

सगळ्यात खात्रीची खूण कुठली, एकच सांगा

पोटाच्या दुसऱ्या सेगमेंटची, म्हणजे दुसऱ्या खंडाची, खालची बाजू. चतुर बाजूने बघायचा. पंख छातीला जोडलेले असतात त्याच्या जरा मागे, जिथून ते लांब पोट सुरू होतं तिथे खालून बघा, नर असेल तर एक उंचवटा दिसतो, काही जातींत नुसती गाठ आणि काहींत चक्क बारीक आकडे खाली आलेले. मादीचं पोट तिथे खालून साफ असतं, काही लोंबत नाही. चतुर आज उडायला लागलेला असो नाहीतर महिन्याभराचा म्हातारा, लाल असो पिवळा असो, ही खूण बदलत नाही. म्हणून एकच फोटो मिळणार असेल तर तो बाजूने घ्या, वरून कितीही छान दिसत असला तरी.

सेगमेंट मोजायचे कसे? मला तर नीट दिसतच नाहीत

आपण ज्याला शेपटी म्हणतो ते खरं म्हणजे पोट आणि त्याचे 10 सेगमेंट असतात. पहिला अगदी आखूड, छातीला चिकटलेला, बऱ्याचदा पंखांच्या मुळाशी लपून जातो, त्यामुळे छातीमागे जो पहिला नीट दिसणारा भाग असतो तो बहुतेक वेळा दुसरा असतो. तिसऱ्यापासून ते सातव्यापर्यंतचे लांब लांब असतात आणि आठवा, नववा, दहावा परत आखूड होत जातात.

पुढून मोजताना गोंधळ होत असेल तर मागून मोजा. टोकाला जे काटे किंवा पाकळ्यांसारखे अवयव असतात ते सेगमेंट नाहीत, ते सोडून द्या, त्यांच्या आधीचा तो दहावा, मग नववा, मग आठवा. मादीचं सगळं काम आठव्या नवव्यात असतं आणि नराचं दुसऱ्यात आणि टोकाला, त्यामुळे मधले सेगमेंट नर मादी ठरवायला फारसे लागतच नाहीत.

पण नराचं जननेंद्रिय पोटाच्या सुरुवातीला कसं काय?

हा चतुरांचा सगळ्यात भारी भाग आहे, आणि एकदा कळला की पुढच्या सगळ्या खुणा आपोआप लक्षात राहतात. नराचे शुक्राणू तयार होऊन बाहेर येतात ते नवव्या सेगमेंटमधून, म्हणजे मागच्या टोकाजवळून, बाकीच्या कीटकांसारखंच. पण त्याचं टोक मात्र मादीला धरण्यात गुंतलेलं असतं, मग तिथून शुक्राणू देणार कसे? म्हणून मीलनाच्या आधी नर स्वतःचं पोट पुढे वाकवतो आणि नवव्या सेगमेंटमधले शुक्राणू दुसऱ्या सेगमेंटखालच्या एका वेगळ्या अवयवात भरून ठेवतो. यालाच दुय्यम जननेंद्रिय म्हणतात आणि अशी व्यवस्था कीटकांमध्ये फक्त चतुर आणि टाचण्यांकडेच आहे. मादी नंतर आपलं टोक पुढे आणून तिथे लावते, म्हणून जोडीचा तो बदामासारखा आकार दिसतो.

हा अवयव नुसता शुक्राणू द्यायला नाहीये. 1979 साली जोनाथन वाग यांनी कॅलॉप्टेरिक्स मॅक्युलाटा या टाचणीवर अभ्यास करून दाखवलं की नर आधी त्या मादीच्या पोटातले दुसऱ्या नराचे शुक्राणू खरवडून बाहेर काढतो आणि मग आपले देतो. प्राण्यांच्या जगात शुक्राणूंची अशी स्पर्धा असते हे समजायला त्या कामाचा फार मोठा हात आहे. आता एवढी कामं करणारा अवयव म्हटल्यावर तो बाहेरून थोडासा तरी दिसणारच, आणि तोच आपल्याला फिल्डवर उपयोगी पडतो.

सगळ्या जातींत हा उंचवटा सारखाच ठळक दिसतो का?

नाही. लिबेलुलिडी म्हणजे तळ्याकाठी काडीवर बसणारे आपले नेहमीचे चतुर, त्यांच्यात आणि गोम्फिडी म्हणजे क्लबटेल चतुरांमध्ये तो बऱ्यापैकी ठळक असतो. एश्निडी म्हणजे मोठे, सतत फेऱ्या मारणारे हॉकर, त्यांच्यात तो जरा आत दबलेला असतो. टाचण्यांमध्ये तर सगळंच इतकं बारीक असतं की फोटो झूम केल्याशिवाय कळत नाही.

आणि एक सापळा आहे. ऑर्थेट्रम सबिनासारख्या जातीत पोटाची सुरुवातच फुगीर असते, नराची पण आणि मादीची पण. नवीन माणूस तो फुगवटा बघून नर लिहून टाकतो. फुगवटा सगळ्या बाजूंनी असतो, नराचा उंचवटा फक्त खालच्या बाजूला असतो आणि त्याला स्वतःची एक वेगळी कड असते. हा फरक दोन चार फोटो शेजारी शेजारी ठेवून बघितला की डोळ्यात बसतो.

शेपटीच्या टोकावरून कसं ओळखायचं?

वरून फोटो असेल तर हीच खूण कामाची. चतुराच्या नराला टोकाला तीन अवयव असतात, दोन वर आणि एक खाली मध्ये, आणि तिन्ही मिळून चिमटा होतो ज्यात तो मादीचं डोकं पकडतो. मादीला फक्त वरचे दोन, आणि ते काही पकडायच्या कामाचे नसतात त्यामुळे साधे, बारीक आणि एकमेकांपासून लांब. नराचे वरचे दोन जाडसर असतात, त्यांना बाक असतो, बऱ्याच जातींत ते जवळजवळ असतात. वरून बघताना मादीच्या दोन काट्यांमध्ये स्पष्ट फट आणि फटीत एक छोटासा गोलसर उंचवटा दिसतो, नराच्या फटीतून खालचा तिसरा अवयव डोकावतो. बाजूने बघितलं तर अजून सोपं, नराला वर एक आणि खाली एक असे दोन थर दिसतात.

टाचणीच्या नराला तीन नाही तर चार असतात, दोन वर दोन खाली, आणि तो डोकं नाही तर मादीची मान, म्हणजे डोक्यामागचा छातीचा पहिला भाग पकडतो. हे चार अवयव प्रत्येक जातीत वेगळ्या आकाराचे असतात आणि मादीच्या त्या भागावर तसेच बसतात, म्हणून सारख्या दिसणाऱ्या टाचण्यांची जात ठरवायला पण तज्ज्ञ हेच बघतात.

सावध कुठे राहायचं, तर हॉकरच्या माद्यांमध्ये. त्यांचे वरचे दोन अवयव चांगले लांब आणि पानासारखे पसरट असतात, लांबून बघताना नराचेच वाटतात. कधी कधी ते तुटलेले पण असतात आणि मग टोक एकदम बोथट दिसतं. अशा वेळी टोकावर विसंबू नका, आठव्या नवव्या सेगमेंटखाली बघा.

आठव्या नवव्याखाली काय बघायचं?

मादीचा अंडी घालायचा अवयव. टाचण्यांच्या सगळ्या माद्यांना आणि चतुरांपैकी एश्निडीच्या माद्यांना तिथे खरोखरचं धारदार अवजार असतं, त्याने त्या वनस्पतीच्या देठाला चीर पाडून आत अंडं ठेवतात. त्यामुळे टाचणीच्या मादीचं टोक बाजूने बघितलं की खालून जाड, फुगलेलं दिसतं आणि नराचं बारीक सरळ. टाचण्यांसाठी मी तर म्हणेन की आधी हेच बघा, दुसऱ्या सेगमेंटपेक्षा हे लवकर दिसतं.

लिबेलुलिडी आणि गोम्फिडीच्या माद्यांना असं अवजार नसतं, आठव्या सेगमेंटखाली एक छोटीशी झडप असते आणि त्या पाण्यावर पोट आपटून अंडी सोडतात. ती झडप काही जातींत खाली काटकोनात उभी राहते आणि छान दिसते, पण पुष्कळ जातींत दिसतच नाही, म्हणजे झडप दिसली तर मादी नक्की पण दिसली नाही म्हणून नर असं म्हणता येत नाही. लिबेलुला आणि ऑर्थेट्रमच्या माद्यांमध्ये आठव्या सेगमेंटच्या दोन्ही कडांना पातळ पाळ्या बाहेर आलेल्या असू शकतात. पण पाळी दिसली की मादी असा नियम करू नका, कारण इक्टिनोगोम्फससारख्या गोम्फिडमध्ये नर मादी दोघांनाही आठव्याला पाळ्या असतात.

कॉर्ड्युलेगास्टर या ओढ्यावरच्या मोठ्या चतुराची मादी मात्र कोणालाही ओळखू येते. तिचा अंडी घालायचा काटा पोटाच्या टोकाच्याही पुढे निघालेला असतो आणि ती उथळ प्रवाहात उभ्या उभ्या वर खाली करत तो तळाच्या वाळूत खुपसत असते.

लाल, निळा, भडक तो नर, हे चुकीचं आहे का?

अर्धं बरोबर आहे, आणि अर्धं बरोबर असल्यामुळेच जास्त फसवतं. पूर्ण वाढ झालेला भडक लाल क्रोकोथेमिस सर्व्हिलिया, गुलाबी जांभळा ट्रायथेमिस ऑरोरा, निळा पडलेला डिप्लॅकोडिस ट्रिव्हियालिस, हे बहुतेक वेळा नरच असतात. अडचण उलट्या बाजूने आहे. जो भडक नाही तो मादी असेलच असं नाही, कारण या सगळ्यांचे तरुण नर हुबेहूब मादीच्या रंगाचे असतात. क्रोकोथेमिसचा नर सुरुवातीला सोनेरी पिवळा असतो, पाठीवर तीच काळी रेघ, आणि हळूहळू लाल होत जातो. लाल होण्यामागचं कारण पण शोधून झालंय. 2012 मध्ये जपानमधल्या संशोधकांनी दाखवलं की नवीन रंगद्रव्य काही तयार होत नाही, त्वचेत आधीपासून जे असतं त्याचंच क्षपण (रिडक्शन ही रासायनिक क्रिया) होतं आणि पिवळ्याचं लाल होतं. त्यांनी मादीच्या रंगद्रव्यावर तीच रासायनिक क्रिया केली तेव्हा तेही लाल झालं. म्हणजे लाल पिवळ्यातला फरक इतका वरवरचा आहे, आणि आपण त्याच्यावर नर मादी ठरवतो.

निळ्याचं गणित वेगळं. ऑर्थेट्रम, लिबेलुला, डिप्लॅकोडिस यांच्या नरावर वय वाढेल तशी मेणाची पावडर चढते आणि ती निळसर किंवा पांढरी दिसते. ही पावडर काही जातींच्या म्हाताऱ्या माद्यांवर पण चढते. लिबेलुला डिप्रेसाची मादी तरुणपणी पिवळी तपकिरी असते आणि वय झाल्यावर तिच्या पोटावर निळसर छटा आलेली बघायला मिळते. म्हणून निळा म्हणजे नर असं डोळे झाकून लिहू नका.

मग तरुण नर आणि मादी यांच्यात फरक कसा करायचा?

परत दुसरा सेगमेंट आणि टोक, दुसरा उपाय नाही. पण मदतीला दोन गोष्टी आहेत. एक, वय ओळखा. अळीची कात टाकून नुकताच बाहेर आलेला चतुर फिकट असतो, पंख ओल्या काचेसारखे चमकतात, उडणं लडखडतं असतं, असा दिसला की रंगाचा विचार पूर्ण सोडून द्या. दोन, काही जातींत पंखांवरची नक्षी पहिल्या दिवसापासून नर मादीनुसार वेगळी असते आणि ती बदलत नाही, फक्त अंगाचा रंग नंतर बदलतो. प्लॅथेमिस लिडियाचं उदाहरण सगळ्यात चांगलं. तिथे मोठ्या नराचं पोट पांढरंशुभ्र आणि पंखांवर रुंद काळा पट्टा असतो, मादीचं अंग तपकिरी आणि पंखांवरची नक्षी वेगळी. तरुण नराचं अंग मादीसारखं तपकिरी पण पंख नराचे! दोन्ही एकत्र दिसलं की समजायचं हा तरुण नर आहे.

पंखांवरून अजून काय कळतं?

नक्षीच्या जाती असतील तर पुष्कळ. न्यूरोथेमिस टुलियाच्या नराच्या पंखांवर मुळाकडे काळा आणि त्यापुढे पांढरा पट्टा असतो आणि टोकं स्वच्छ, मादीचे पंख मुळाशी पिवळे आणि टोकाला काळपट, इतका फरक की बघणाऱ्याला दोन वेगळ्या जाती वाटतात. ऱ्हायोथेमिस व्हेरिगेटाच्या मादीच्या पुढच्या पंखांचा टोकाकडचा भाग पारदर्शक असतो, नराचा रंगीत. ब्रॅकिथेमिस कन्टॅमिनाटाच्या मोठ्या नराच्या पंखांत नारिंगी रंग पसरलेला असतो आणि मादीचे पंख स्वच्छ. न्यूरोबेसिस चायनेन्सिस ही टाचणी उडाली की नराच्या मागच्या पंखांची हिरवी धातूसारखी चमक डोळ्यात भरते, मादीच्या तपकिरी पंखांवर पांढरे ठिपके असतात. आणि कॅलॉप्टेरिक्समध्ये कितीतरी जातींत पंखाच्या टोकाजवळचा पांढरा ठिपका फक्त मादीला असतो.

नक्षी नसलेल्या मोठ्या चतुरांमध्ये मागच्या पंखाचा मुळाशी असलेला आतला कोपरा बघा. गोम्फिडी, कॉर्ड्युलेगास्टर, बहुतेक हॉकर यांच्या नरांत तो कोपरा कापल्यासारखा टोकदार असतो आणि मादीत गोल. त्याच नरांना दुसऱ्या सेगमेंटच्या दोन्ही बाजूंना कानासारखे छोटे उंचवटे पण असतात. पंख पसरून बसलेला असेल तर वरून काढलेल्या फोटोत हा कोपरा मस्त दिसतो. पण ही खूण ॲनॅक्स या हॉकरला लागू नाही, तिथे नराचाही कोपरा गोलच असतो, आणि लिबेलुलिडीमध्ये पण दोघांचा गोल. म्हणजे टोकदार दिसला तर नर पक्का, गोल दिसला तर आधी कुटुंब कुठलं ते बघा.

नर मादी अगदी सारखेच दिसतात अशा जाती आहेत का?

हो, आणि भरपूर. ऑर्थेट्रम सबिना, पॅन्टाला फ्लॅव्हेसेन्स, ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा, लिबेलुला क्वाड्रिमॅक्युलाटा, यांच्यात रंगावरून काही ठरवायला जाऊच नका. पॅन्टालाचा मोठा नर पोटावर जरा जास्त लालसर होतो पण प्रकाश बदलला की तो अंदाज गेला. ही जात बसते कमी आणि बसली तर उभी लोंबकळते, तेव्हा बाजूने फोटो घेता येतो, ती संधी सोडू नका.

आकारावरून? डोळ्यांवरून?

डोळ्यांवरून नाही. काही माश्यांमध्ये नराचे डोळे एकमेकांना चिकटलेले आणि मादीचे लांब असतात, चतुरात तसं काही नसतं, डोळे चिकटलेले आहेत का लांब हे कुटुंबावर ठरतं. आकार फक्त एवढाच कामाचा की पुष्कळ जातींत मादीचं पोट जाडसर, दोन्ही कडा जवळजवळ समांतर असं असतं आणि नराचं मध्ये बारीक, खास करून हॉकरच्या नराचा तिसरा सेगमेंट कमरेसारखा आवळलेला दिसतो. शंका यायला हे पुरेसं आहे, ठरवायला नाही.

जोडी दिसली तर कोण कुठला?

पुढचा नर. तो आपल्या शेपटीच्या टोकाने मागच्या मादीचं डोकं किंवा मान धरून असतो. बदामाचा आकार असेल तर वरचा, टोकाने पकडणारा तो नर, आणि जिने पोट वाकवून टोक पुढच्याच्या दुसऱ्या सेगमेंटला लावलंय ती मादी. जोडी मिळाली तर भरपूर फोटो काढा, दोघं एकत्र आणि दोघांची खात्री, यापेक्षा चांगला अभ्यास नाही.

तरी पण पुढे मागे असलेली प्रत्येक जोडी नर मादीचीच असते असं नाही. नर कधी दुसऱ्या नराला पकडतो, कधी दुसऱ्याच जातीच्या मादीला. बदामाचा आकार पूर्ण झाला असेल तर मागची मादीच, नुसतं पकडून उडत असतील तर मागच्याचा दुसरा सेगमेंट पण तपासा.

एकट्या बसलेल्या चतुरावर सुद्धा मीलनाच्या खुणा सापडतात, आणि त्या शोधायला फार मजा येते. ऑर्थेट्रम किंवा लिबेलुलाच्या निळ्या नराच्या पोटाच्या मधल्या भागावर पावडर घासून काळे डाग पडलेले दिसले तर ते मादीच्या पायांचे, तिने धरून ठेवलेलं असतं तिथले. आणि चतुराच्या मादीच्या डोळ्यांवर वरच्या बाजूला ओरखडे दिसले तर ते नराच्या चिमट्याचे.

वागण्यावरून ओळखता येतं का?

बऱ्यापैकी. एकाच काडीवर परत परत येऊन बसणारा, दुसरा आला की त्याच्या मागे धावणारा, तो बहुतेक नर. पाण्यावर पोट आपटणारी किंवा देठावर बसून पोट वाकवून टोक खुपसणारी ती मादी, आणि तिच्या डोक्यावर घिरट्या घालत दुसऱ्यांना हाकलतोय तो तिचा नर. सिम्पेट्रम, पॅन्टाला, ॲनॅक्स पार्थेनोप यांच्यात तर अंडी घालताना पण नर तिला सोडत नाही, जोडीनेच घालतात. एश्ना या हॉकरच्या माद्या मात्र एकट्या गुपचूप येतात, झाडोऱ्यात शिरून अंडी घालतात आणि नुसती पंखांची खरखर ऐकू येते.

फक्त पाण्याला शिवला म्हणजे अंडी घातली असं लगेच समजू नका. चतुर पाणी पितात, आंघोळीसाठी पाण्यात आपटतात, हे नर मादी दोघंही करतात. एकाच जागी ठराविक लयीत पुन्हा पुन्हा टोक बुडवत असेल तर अंडी. आणि भर उन्हात शेपटी आकाशाकडे करून उभं राहणं हे अंग कमी तापावं म्हणून असतं, त्याचा नर मादीशी संबंध नाही.

तळ्यावर मला सगळे नरच दिसतात, माद्या असतात कुठे?

पाण्यापासून लांब. गवतात, झुडपांत, झाडांच्या कडेला. कात टाकून बाहेर पडताना नर मादी साधारण सारख्याच संख्येने पडतात, पण नर मोठा झाला की पाण्यावर जागा धरून बसतो आणि मादी फक्त मीलनाला आणि अंडी घालायलाच येते, कारण पाण्यावर आली की लगेच कोणीतरी पकडतं. माद्या हव्या असतील तर पाण्याकडे पाठ करा आणि थोडं आत चाला, तरुण नर पण तिथेच सापडतात, म्हणजे ओळखायचा सरावही तिथेच होतो.

माद्या नरांना किती टाळतात याचं एक उदाहरण सांगतेच. एश्ना जुन्सियाची मादी अंडी घालून निघाली आणि नर मागे लागला की उडता उडता सरळ खाली कोसळते आणि उताणी पडून राहते, नर निघून गेला की उठून उडून जाते. आल्प्समध्ये रसीम खेलिफा या संशोधकांनी हे बघून 2017 मध्ये लिहिलं. जमिनीवर निपचित पडलेला हॉकर दिसला तर मेला म्हणून उचलू नका, थोडं थांबा.

टाचण्यांमध्ये एकाच जातीच्या माद्या वेगवेगळ्या रंगाच्या कशा?

इश्नुरा या टाचण्यांमध्ये हे हमखास होतं आणि लोक इथे सगळ्यात जास्त अडकतात. इश्नुरा एलिगन्स किंवा इश्नुरा सेनेगालेन्सिसमध्ये काही माद्या हुबेहूब नराच्या रंगाच्या असतात, आठव्या सेगमेंटवरचा निळा दिवा पण तसाच, आणि काही माद्या तपकिरी हिरवट. सेनेगालेन्सिसच्या तरुण माद्या तर भडक नारिंगी पण असतात, त्या दुसऱ्याच जातीच्या वाटतात. नराच्या रंगाच्या माद्यांना नरांचा त्रास कमी होतो म्हणून हे रूप टिकलं असं बरेच अभ्यासक मानतात, आणि मला ते पटतं. तर इश्नुरा निळी दिसली म्हणून नर लिहायचं नाही, टोकाच्या खाली अवजार आहे का ते बघायचं.

अटलांटिक महासागरातल्या अझोर बेटांवर इश्नुरा हॅस्टाटाच्या तर फक्त माद्याच आहेत, नराशिवायच त्यांची पिढी पुढे चालते. चतुर टाचण्यांमध्ये निसर्गात असं फक्त तिथेच सापडलंय.

फोटो कुठल्या कोनातून काढू?

बाजूने आधी, पोटाच्या पातळीवर कॅमेरा आणून. मग वरून एक, त्यात टोक फोकसमध्ये हवं. सगळे जण डोळ्यावर फोकस करतात आणि टोक धूसर जातं, म्हणून एक फोटो मुद्दाम टोकावर फोकस करून घ्या. ॲपर्चर एफ 8 च्या आसपास ठेवलं तर पूर्ण चतुर शार्प यायची शक्यता वाढते, आणि कॅमेऱ्याचा सेन्सर शरीराला समांतर धरा. मोबाईल असेल तर सावकाश जवळ जा, सावली त्याच्यावर पडू देऊ नका, उडाला तर जागेवरच थांबा कारण नर असेल तर बऱ्याचदा त्याच काडीवर परत येतो. कॅमेरा नसेल तर साधारण दोन मीटरवर फोकस होणारी दुर्बीण असली की पुष्कळ दिसतं.

हातात पकडून बघू का?

गरज नसेल तर नको. अभ्यासासाठी पकडायचाच असेल तर चारही पंख पाठीवर एकत्र मिटवून बोटांत हलके धरतात, पोट किंवा पाय धरून कधीच नाही, आणि जिथे पकडायला परवानगी लागते तिथे ती आधी घ्या. नुकत्या बाहेर आलेल्याला अजिबात हात लावू नका, त्याचे पंख मऊ असतात आणि एकदा वाकले की कायमचे वाकडे राहतात, मग तो जगत नाही.

काडीवर राहिलेल्या कातीवरून नर मादी कळते?

कळते, भिंगाखाली. हॉकर आणि टाचण्यांच्या कातीत आठव्या नवव्याखाली अंडी घालायच्या अवयवाची म्यान दिसली तर मादी. पुष्कळ नरांच्या कातीत दुसऱ्या तिसऱ्या सेगमेंटखाली भावी अवयवाचा पुसट ठसा असतो. एका तळ्यातून किती नर किती माद्या बाहेर पडल्या हे मोजायला याच्याइतकी चांगली पद्धत नाही, कोणाला त्रास पण होत नाही.

अर्धा नर अर्धी मादी असा चतुर असतो का?

असतो, फार क्वचित. शरीराच्या एका भागात नराच्या खुणा आणि दुसऱ्या भागात मादीच्या, कधी रंग सरळ मधोमध विभागलेला. असा दिसला तर दोन्ही बाजूंनी, वरून, खालून, जमतील तेवढे फोटो घ्या आणि जाणकारांना दाखवा.

खात्री नसेल तर नोंदीत काय लिहू?

नर मादी रकाना रिकामा सोडा किंवा माहीत नाही लिहा. आणि जे लिहाल त्यासोबत कशावरून ठरवलं ते दोन शब्दांत टाका, म्हणजे दुसऱ्या सेगमेंटवरून, टोकावरून, जोडीत होता, अंडी घालत होती. रंगावरून ठरवलं असेल तर तेही तसंच लिहा. वय कळत असेल तर तरुण का पूर्ण वाढ झालेला हे पण. नंतर तोच फोटो कोणी तपासायला घेतला तर या दोन शब्दांमुळे कुठे बघायचं ते त्याला लगेच कळतं.